वेबसाइटवरचे दुकान आणि परक्या पेढ्यांशी व्यवहार



गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी आपल्या मालाची वेबसाइट काढली आहे. वेबसाइट करून घेताना आपण फोटो कसे दिसतात आणि खर्च किती येईल एवढेच विचारतो. गिऱ्हाइकाने पैसे भरले ही गोष्ट वेबसाइटला कोण सांगते, हे मात्र फार थोडे जण विचारतात. मीही विचारले नव्हते व त्याची किंमत मोजली. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

एपीआय म्हणजे काय?

वेबसाइट एकटी काही करू शकत नाही. पैसे घेण्याचे काम पेमेंट कंपनी करते, माल पोहोचवण्याचे काम कुरिअर कंपनी करते, मोबाइलवर संदेश पाठवण्याचे काम तिसरीच कंपनी करते. या प्रत्येक कंपनीने इतरांच्या संगणकांसाठी एक खिडकी उघडी ठेवलेली असते. तिलाच एपीआय म्हणतात. बँकेच्या खिडकीवर ठरावीक छापील स्लिप भरून द्यावी लागते, आपल्या मनाची चिठ्ठी चालत नाही. तसेच येथे आहे. कोणती माहिती कोणत्या रकान्यात द्यायची हे ती कंपनी ठरवते आणि उत्तरही ठरावीक नमुन्यातच देते.

एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या गिऱ्हाइकाने २,४५० रुपयांच्या लुंग्या मागवल्या. आपली वेबसाइट कुरिअरच्या खिडकीवर पिनकोड व वजन देते, तेथून भाडे कळते. मग पेमेंट कंपनीच्या खिडकीवर रक्कम देते. येथे पहिलीच ठेच लागू शकते. अनेक पेमेंट कंपन्या रक्कम रुपयांत न घेता पैशांत घेतात. २,४५० रुपयांसाठी २४५००० असा आकडा द्यावा लागतो. प्रोग्रामरने २४५० एवढेच लिहिले, तर गिऱ्हाइकाकडून फक्त साडेचोवीस रुपये घेतले जातील, आणि खिडकीवरचा संगणक त्याबद्दल काही बोलणार नाही.

माझी चूक

माझ्या वेबसाइटची जोडणी अशी केलेली होती की, पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘पैसे मिळाले’ असे पान उघडे, आणि ते पान उघडले की ऑर्डर आपोआप ‘जमा’ म्हणून नोंदली जाई. वरवर पाहता यात काही वावगे वाटत नाही. पण एका गिऱ्हाइकाने पैसे भरले आणि त्याच क्षणी त्याचे नेटवर्क गेले. ते पान उघडलेच नाही. माझ्याकडे ऑर्डर ‘बाकी’ दिसत राहिली. त्याने पुन्हा पैसे भरले व दोनदा रक्कम गेली म्हणून फोनवर मला चार शब्द ऐकवले.

दुसरा प्रकार याहून वाईट. कोणीतरी त्या पानाचा पत्ता ओळखून पैसे न भरताच ते पान थेट उघडले. ऑर्डर ‘जमा’ झाली. आमच्या गुमास्त्याने १८,६०० रुपयांचा माल बांधून रवाना केला. महिनाअखेरीस रोजमेळ व बँकेचे खाते ताडून पाहताना ही गोष्ट उघड झाली, तोवर माल हाताबाहेर गेला होता. प्रोग्रामरची चूक होतीच, पण न विचारणारा मालक मीच होतो.

पैसे आल्याची खात्री कशी करावी?

जुन्या पेढ्यांवर हुंडी घेऊन आलेल्या माणसाच्या शब्दावर रक्कम मोजून देत नसत; आधी अक्षर व खूण ताडून पाहत. तोच नियम येथे लागू आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसते, हा पुरावा नव्हे. पुरावा पेमेंट कंपनीच्या संगणकाकडून आपल्या सर्व्हरकडे थेट आला पाहिजे. पैसे जमा होताच कंपनी स्वतःहून आपल्या सर्व्हरला जो निरोप धाडते, त्याला वेबहुक म्हणतात. गिऱ्हाइकाचा मोबाइल बंद पडला तरी हा निरोप येतो.

पण निरोपही खोटा असू शकतो. यासाठी कंपनी व आपण यांच्यात एक गुप्त शब्द ठरलेला असतो. निरोपाचा मजकूर आणि तो शब्द मिळून गणिताने एक मोहर तयार होते, ती निरोपासोबत येते. आपल्या सर्व्हरने तेच गणित करावे. मोहर जुळली, तर निरोप खरा. त्यानंतर रक्कम आणि ऑर्डर क्रमांक आपल्या नोंदीशी जुळतात का हेही पाहावे, आणि मगच ‘जमा’ लिहावे.

एकच निरोप दोनदा

आपल्या सर्व्हरने पोच दिली नाही, तर कंपनी तोच निरोप पुन्हा धाडते. अशा वेळी एका ऑर्डरचा माल दोनदा निघता कामा नये. उलट बाजूनेही असेच घडते. आपण कुरिअरच्या खिडकीवर मागणी दिली, उत्तर आले नाही, म्हणून पुन्हा दिली, तर दोन पार्सलांची नोंद होऊ शकते. उपाय एकच : प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक आधी नोंदलेला असेल तर पुन्हा काम करू नये.

सरकारची ई-इन्व्हॉइसची खिडकी याच तत्त्वावर चालते. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांसाठी ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीला लागू झाली. बिल ठरावीक नमुन्यात पाठवले की ६४ अक्षरांचा क्रमांक व क्यूआर कोड परत मिळतो. हा क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल नंबर या चार गोष्टींवरून तयार होतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर नवा क्रमांक न मिळता ते नाकारले जाते. आपल्या ऑर्डरलाही अशीच शिस्त हवी.

किल्ली आणि बंद खिडकी

प्रत्येक कंपनी आपल्याला एक किल्ली देते. तिचा गुप्त भाग म्हणजे तिजोरीची चावी. तो फक्त सर्व्हरवर असावा. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानात तो लिहिला, तर कोणालाही वाचता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवणे, कागदावर लिहून गल्ल्यात ठेवणे हेही टाळावे. खाते मालकाच्या नावावर व मालकाच्या मोबाइल नंबरवर असावे. प्रोग्रामर बदलला की किल्ली बदलावी. दुकानाचा नोकर बदलल्यावर आपण कुलूप बदलतो, तसेच हे.

परकी खिडकी कधी बंदही असते. उत्तराबरोबर एक आकडा येतो. २०० म्हणजे काम झाले, ४०१ म्हणजे किल्ली मान्य नाही, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारता, आणि ५०० च्या पुढचे आकडे म्हणजे बिघाड त्यांच्याकडे आहे. ४०१ आला तर कितीही वेळा विचारून उपयोग नाही, किल्ली तपासावी. ४२९ किंवा ५०० आला तर थोडे थांबून, दर खेपेस अंतर वाढवत पुन्हा विचारावे. कुरिअरची खिडकी बंद आहे म्हणून ऑर्डरच घेतली जाऊ नये, असे होता कामा नये. ऑर्डर लिहून ठेवावी, पार्सलची नोंद मागाहून करावी.

शेवटचे बिल देण्यापूर्वी

प्रोग्रामरला शेवटची रक्कम देण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर बसून करून पाहाव्यात. बहुतेक पेमेंट कंपन्या चाचणीची वेगळी किल्ली देतात, तिच्यावर खरे पैसे जात नाहीत.

१. पैसे भरून लगेच मोबाइलचे इंटरनेट बंद करावे. तरीही ऑर्डर ‘जमा’ झाली पाहिजे.
२. पैसे न भरता ‘पैसे मिळाले’ हे पान थेट उघडावे. ऑर्डर ‘बाकी’च राहिली पाहिजे.
३. एकच वेबहुक दोनदा पाठवून पाहावा. नोंद एकच झाली पाहिजे.
४. गुप्त किल्ली कोठे ठेवली आहे हे दाखवण्यास सांगावे.
५. आलेला-गेलेला प्रत्येक निरोप तारीख-वेळेसह साठवला जातो का, ते पाहावे.

एवढे झाल्यावरही रोजमेळ सोडू नये. पेमेंट कंपनी आपले शुल्क कापून उरलेली रक्कम नंतर बँकेत भरते, त्यामुळे विक्रीचा आकडा आणि बँकेचा आकडा सारखा दिसत नाही. रोज संध्याकाळी ऑर्डर, कंपनीकडील जमा, परत केलेली रक्कम, कापलेले शुल्क आणि बँकेतील भरणा हे पाच रकाने ताडून पाहावेत. मी हे काम महिनाअखेरीवर टाकत होतो. रोज संध्याकाळी केले असते, तर तो माल दुकानाबाहेर पडण्यापूर्वीच थांबवता आला असता.