नंबर कोणी कोणाला सांगायचा

लांबच्या माणसाला कॉम्प्युटर शिकवायचा तर त्याची स्क्रीन आपल्यासमोर उघडण्यासारखा दुसरा उपाय नाही, असं मी आजही म्हणते. फोनवर "वर उजवीकडे बघ, काही दिसतंय का" यात अर्धा तास जातो, तेच काम स्क्रीन दिसली की लगेच होतं. माझी मावशी देवरुखला असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती तिथल्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही एक्सेलमध्ये भरायला लागली, आणि मी तिला पुण्यातून शिकवते. मात्र या शिकवणीमुळे एक सवय लागते: फोनवरचा माणूस सांगेल ते ॲप उघडायचं, त्यातला नंबर वाचून दाखवायचा आणि 'अलाऊ' दाबायचं. याच सवयीचा फायदा एका भामट्याने घेतला.

मावशीच्या मोबाईलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा. असे मेसेज 2022 मध्ये राज्यभर फिरले आणि ते आपले नाहीत हे महावितरणने वारंवार जाहीर केलं. पण संध्याकाळी घरात एकट्या असलेल्या माणसाला वीज जाण्याची धास्ती पुरते. तिने त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावलं, नंबर विचारला. मग म्हणाला, "मॅडम, फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल." तिने कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तोही तिने स्वतःच भरला. थोड्याच वेळात पेन्शनच्या खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज एकामागून एक यायला लागले.

"अगं, मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही," हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरंच होतं. तिने ओटीपी सांगितला नव्हता, पण तो तिच्या स्क्रीनवर उमटत होता आणि तो माणूस वाचत होता. ओटीपी सांगू नका, हे आपण घरोघरी पोचवलं. स्क्रीन जोडलेली असताना ओटीपी येणं म्हणजेच तो सांगणं, हे मात्र फारसं कोणी समजावून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या स्क्रीन जोडणाऱ्या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲपमध्ये खोट नाही, शिकवायला ते उत्तमच आहे. प्रश्न नंबर कोणाच्या हाती जातो याचा आहे.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. ज्याला मदत हवी त्यानेच फोन करायचा, आणि तो वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवरच. मेसेजमधल्या, गुगलवर सापडलेल्या किंवा समोरून आलेल्या नंबरवर स्क्रीन जोडायची नाही, मग तो माणूस बँकेचा म्हणवो की वीज मंडळाचा. मी स्वतः नवीन नंबरवरून फोन केला तरी मावशीने तो ठेवायचा आणि वहीतला लावायचा. ती हे काटेकोरपणे पाळते, आणि मला त्याचं फार समाधान वाटतं.

दुसरं, शिकवणी लॅपटॉपवरच, मोबाईल जोडायचा नाही. बँक आणि यूपीआय मोबाईलवर असतात, मेसेजही तिथेच येतात. ताज्या अँड्रॉइडमध्ये स्क्रीन जोडलेली असताना ओटीपी झाकायची सोय आली आहे, पण आपल्या घरातल्या ज्येष्ठांचे फोन बहुधा जुनेच असतात.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर क्विक असिस्ट पुरेसं आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकदम दाबली की ते उघडतं. यात कोड मदत करणाऱ्याला मिळतो आणि शिकणारा तो आपल्याकडे भरतो. कोड दहा मिनिटांत बाद होतो, आणि माउसचा ताबा हवा असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते. मध्येच विंडोजने "बदल करू द्यायचे का" असं विचारलं तर माझ्याकडची स्क्रीन काळी होते. तिथे काय लिहिलंय ते मावशी मला मोठ्याने वाचून दाखवते, मग स्वतः ठरवते. एनीडेस्क वापरत असाल तर कायमचा पासवर्ड ठेवू नका. तो असला की समोर कोणी नसतानाही लॅपटॉप उघडता येतो.

आणि ताबा मिळाला तरी तो घ्यायची घाई करू नये. नोंदवहीत दाखल क्रमांक 0057 लिहिला की एक्सेल त्याचा 57 करतं. मी माझ्या माउसने रकाना टेक्स्ट करून दिला, तर पुढच्या वेळी तोच प्रश्न घेऊन फोन येतो. त्याऐवजी मी म्हणते, "रकान्याच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक कर, आता उजवं बटण, फॉरमॅट सेल्स दिसलं का?" ती शोधते, चुकते, परत येते, मग क्रमांक नव्याने टाईप करते. शून्यं जागेवर राहिली की तिचा आवाजच बदलतो. बोट दाखवायची गरज पडली तर झूमवर ताबा न घेताही समोरच्या स्क्रीनवर रेघ ओढता येते.

इतकं करूनही कोणी फसलंच, तर आधी नेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 हा नंबर लावा, बँकेला कळवा, आणि ते ॲप काढून टाका. लाजेपायी सकाळपर्यंत थांबू नका. मावशीने मला लगेच सांगितलं म्हणून काही रक्कम पुढे जाण्याआधी अडवता आली. माहिती आपल्याच हातून गेली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवलं होतं. म्हणून तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि त्याच्यापुढे वेळही लिहून ठेवा.