तिसऱ्या मुलाचा घास : सरकारी मदतीच्या मर्यादा आणि लोकमत



गरिबाला मदत करावी काय, असे विचारले तर 'नाही' म्हणणारा माणूस विरळाच. परंतु ती मदत किती जणांना, किती दिवस आणि कितव्या मुलापर्यंत करावी, असे विचारले की तोच माणूस सावध होतो. "मदत जरूर करा, पण कुठे तरी मर्यादा हवी," असे तो म्हणतो. ही मर्यादा कोणी ठरवावी, कशावर ठरवावी आणि तिचा भार शेवटी कोणावर पडतो, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कल्याणकारी कार्य करणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी आणि उद्या अधिकारपदावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ब्रिटनमधील एक उदाहरण घेतले आहे. कल्याणकारी राज्याची कल्पना त्या देशात मोठ्या प्रमाणावर अमलात आली आणि मर्यादेचा वादही तेथे उघडपणे व आकडेवारीनिशी झाला, हे त्याचे कारण.

१. एकाच देशातील दोन कायदे

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. मजुरी ठरते ती कामावर, घरातील तोंडांवर नव्हे. म्हणून मुले अधिक असलेल्या कुटुंबाला केवळ मजुरीवर पोट भरणे अवघड जाते, हे त्या विचारामागचे सूत्र होते. एलिनॉर रॅथबोन या महिला खासदार कित्येक वर्षे हेच सांगत होत्या. १९४५ साली कुटुंब भत्त्याचा कायदा झाला आणि १९४६ पासून भत्ता सुरू झाला. तो पहिल्या मुलाला नव्हता. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळत. म्हणजे मुले जितकी जास्त, तितकी कुटुंबाची गरज जास्त, असे त्या काळी सरकारने मानले होते.

आता पुढचा कायदा पाहा. २०१५ च्या अर्थसंकल्पात त्या वेळचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी दोन अपत्यांची मर्यादा जाहीर केली, आणि ६ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. या तारखेनंतर जन्मलेल्या तिसऱ्या व त्यापुढील मुलासाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी मदत बंद करण्यात आली. जुळी मुले, दत्तक मूल आणि बलात्कारातून जन्मलेले मूल असे मोजके अपवाद ठेवले गेले. मात्र यांतील शेवटच्या अपवादाचा लाभ घ्यायचा तर त्या मातेला आपल्यावर ओढवलेला प्रसंग परक्या माणसापुढे उघड करावा लागे. तिसऱ्या मुलामागे बुडणारी रक्कम २०२४ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ साडेतीन हजार पौंड होती.

१९४५ साली पहिले मूल वगळले आणि पुढची घेतली. २०१७ साली पहिली दोन घेतली आणि पुढची वगळली. मुलाची भूक तीच होती. बदलली होती ती त्याच्या आईबापांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी.

२. लोकांना मर्यादा का पटली?

ही मर्यादा लोकांवर लादली गेली असे म्हणता येणार नाही. जनमत चाचण्यांत वर्षानुवर्षे बहुसंख्य लोक तिच्या बाजूने राहिले. २०२४ मध्येही साधारण दहांपैकी सहा लोकांचे मत ती ठेवावी असे होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता : नोकरी करणारे जोडपे तिसरे मूल होऊ देण्यापूर्वी खर्चाचा विचार करते, मग सरकारी मदतीवर जगणाऱ्यानेही तो का करू नये? आमच्या करातून त्याच्या मुलांचा खर्च का भागवावा?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात न्यायाची एक भावना आहे. कष्टाने चार पैसे जोडणाऱ्या माणसाला, दुसऱ्याला ते विनासायास मिळतात असे वाटले तर त्याचे मन दुखावते. प्रश्न एवढाच, की त्याला जे वाटते ते खरे आहे काय?

३. समजूत आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या महासंघाने, म्हणजे ट्रेड्स युनियन काँग्रेसने, करविलेली एक पाहणी जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मदतीवरील खर्चापैकी किती रक्कम लबाडीने उकळली जाते, असे लोकांना विचारले असता त्यांचा सरासरी अंदाज शंभरात २७ असा आला. सरकारी आकडा होता शंभरात ०.७. एकूण खर्चापैकी किती भाग बेकारांवर जातो, याचा अंदाज होता ४१ टक्के. प्रत्यक्षात तो ३ टक्के होता. ज्यांची माहिती सर्वांत चुकीची, त्यांचाच मदतीला विरोध जास्त, असेही त्या पाहणीत दिसून आले.

दोन अपत्यांच्या मर्यादेसंबंधीची वस्तुस्थितीही अशीच आहे. सरकारी आकडेवारीनुसार एप्रिल २०२४ मध्ये या मर्यादेची झळ लागलेल्या कुटुंबांत सुमारे १६ लाख मुले राहत होती. त्या कुटुंबांपैकी ५९ टक्के कुटुंबांत कोणी ना कोणी कामावर जात होते. म्हणजे 'काम करणारे' आणि 'मदत घेणारे' असे दोन वेगळे वर्ग लोकांनी मनाशी धरले होते, ते पुष्कळ ठिकाणी एकाच घरात राहत होते.

दुसरी गोष्ट. मदत बंद केली की लोक मुले कमी होऊ देतील, अशी अपेक्षा होती. संशोधकांनी तपासले तेव्हा जन्माच्या प्रमाणावर फारच थोडा परिणाम झालेला आढळला. याचे कारण उघड आहे. मूल जन्मते तेव्हा घर कदाचित सुस्थितीत असते. पुढे बाप आजारी पडतो, कारखाना बंद होतो, नवरा सोडून जातो. त्या वेळी आलेल्या संकटासाठी पाच वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा दंड करून काय साधणार? आणि दंड भरतो कोण? ज्याने कोणताही निर्णय घेतलेला नाही, असे मूल.

जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा रद्द करावी म्हणून पक्षादेश मोडून मत देणाऱ्या सात मजूरपक्षीय खासदारांना संसदीय पक्षातून निलंबित करण्यात आले होते. पुढे त्याच पक्षाच्या सरकारने २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, एप्रिल २०२६ पासून मर्यादा काढून टाकण्याचे जाहीर केले. यामुळे सुमारे साडेचार लाख मुले दारिद्र्यातून बाहेर येतील, असा सरकारचा अंदाज होता. लोकमत मोठ्या प्रमाणात उलट असतानाही हा निर्णय झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४. धम्माची शिकवण

या वादावर भगवान बुद्धांच्या शिकवणीतून काही प्रकाश पडतो काय? निश्चितच पडतो. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. त्याने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी जन्मली. पहिला चोर राजापुढे आणला गेला. "जगायला काही नाही म्हणून चोरी केली," असे त्याने कबूल केले. राजाने त्याला धन दिले. ही वार्ता पसरली तेव्हा चोरी केल्यावर धन मिळते असे समजून चोऱ्या वाढल्या. मग राजाने मार्ग बदलला आणि चोराचा शिरच्छेद करविला. ते पाहून लोकांनीही शस्त्रे धारण केली, लुटालूट व हत्या वाढल्या आणि माणसांचे आयुष्यमान घटत गेले.

या कथेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मदतीचा गैरवापर होऊ शकतो, हे सुत्त नाकारीत नाही. चोरीनंतर चोराला धन देण्याचा दुष्परिणाम त्यात स्पष्ट सांगितला आहे. पण सुत्तात अनर्थाचे मूळ त्या देण्यात दाखविलेले नाही. सर्व निर्धनांना वेळेवर धन न देण्यात दाखविले आहे. आधी दुर्लक्ष, नंतर एखाद्याला भीक आणि शेवटी दंड, हा राजाचा क्रम होता. कूटदन्त सुत्तातील पुरोहित याच्या उलट क्रम सांगतो. शेतकऱ्याला बी-बियाणे व चारा द्यावा, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, राजसेवकाला योग्य वेतन द्यावे, म्हणजे राज्यातील उपद्रव आपोआप शमतील.

कालाम सुत्तातील उपदेश तर लोकमताच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, असा तो उपदेश आहे. शंभरात सत्तावीस लबाड आहेत असे ऐकून मत बनविणे आणि एक टक्काही नाही हे पाहून मत बनविणे, यांत मोठा फरक आहे.

५. बाबासाहेबांची भूमिका

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा विचार केलेला दिसतो. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मातेच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्राच्या हिताशी जोडला. हा खर्च मुख्यतः सरकारने सोसावा, कारण जनतेचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे, पण तोपर्यंत स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

त्याच बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागील विचार बाबासाहेबांचा होता. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, अशी ती मागणी होती. ठराव नामंजूर झाला. कुटुंब लहान असावे हा विचार त्यांना मान्य होता. परंतु त्यांचा मार्ग ज्ञानाचा आणि सोयीचा होता. जन्मलेल्या मुलाचा घास काढून घेऊन आईबापांना धडा शिकवावा, हा मार्ग त्यात नाही.

६. आपल्याकडील स्थिती

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे असे कोणी समजू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर व स्तनदा मातांना किमान सहा हजार रुपये प्रसूती लाभ देण्याची तरतूद झाली. कायद्याने तेथे पहिली, दुसरी, तिसरी खेप असा भेद केलेला नाही; नियमित सरकारी नोकरीतील किंवा असा लाभ अन्य मार्गाने मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. पण २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती पहिल्या जिवंत अपत्यासाठी पाच हजार रुपये अशी मर्यादा घेऊनच. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये देण्याची सोय झाली. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर त्या मातेला विश्रांती नको काय? तिसऱ्या बाळंतपणात रक्त कमी जाते काय? असे प्रश्न मोठ्या आवाजात कोणी विचारले नाहीत, कारण मर्यादा लोकांना स्वाभाविक वाटली.

आपल्या समाजातही ही वृत्ती शिरली आहे, हे मान्य केले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकून स्थिर झालेल्या आपल्यापैकी काही जण वस्तीतील बांधवांविषयी, "यांना फुकटची सवय लागली, पोरे वाढवतात आणि हात पसरतात," असे बोलतात. ज्या शिष्यवृत्तीने आपल्याला वर आणले, तिलाही त्या काळी कोणी तरी 'फुकट' म्हणतच होते, याचा त्यांना विसर पडतो.

७. मर्यादा पारखण्याच्या कसोट्या

निधी अपुरा असतो, म्हणून कोठे तरी मर्यादा घालावी लागते, हे खरे. आपल्या संस्थेलाही वह्या-पुस्तके वाटताना ती घालावी लागते. मात्र ती घालण्यापूर्वी चार गोष्टी पारखाव्यात :

(अ) मर्यादेचा भार निर्णय घेणाऱ्यावर पडतो, की निर्णयात भाग नसलेल्या मुलावर?

(आ) ती गरजेवर आधारलेली आहे, की घेणाऱ्याच्या चारित्र्याविषयीच्या संशयावर?

(इ) ज्या माहितीवर ती बसविली ती तपासलेली आहे, की ऐकीव?

(ई) मदत मागणाऱ्याला आपले दुःख चारचौघांत उघडे करून पात्रता सिद्ध करावी लागते काय?

उदाहरणार्थ, 'एका घरातील एकाच विद्यार्थ्याला मदत' हा नियम दिसायला समान आहे. पण ज्या घरात चार मुले शिकतात, त्या घराची अडचण एकुलत्या मुलाच्या घरापेक्षा मोठी असते. आणि बहुतेक वेळा मागे राहते ती धाकटी बहीण. निधी थोडा असेल तर प्रत्येकाची रक्कम कमी करावी, पण मूल वगळू नये, हे अधिक न्याय्य होय.

लोकमताला मान द्यावा, पण ते शिक्षणाने बदलते हेही विसरू नये. ते बदलण्याचे काम आपल्या घरातील व विहारातील संभाषणापासूनच सुरू करावे लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९४५ आणि २०१७ च्या ब्रिटिश कायद्यांत मुलांच्या क्रमाबाबत कोणता फरक होता? त्यामागील विचार सांगा.

२. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील राजाची पहिली चूक कोणती?

३. आपल्या संस्थेच्या किंवा गावातील कोणत्याही एका योजनेचे नियम घेऊन ते वरील चार कसोट्यांवर तपासा आणि गटात चर्चा करा.