जोडे काढायचेच

यवतमाळात रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर तफसीरीच्या, म्हणजे कुरआनाचा अर्थ उलगडण्याच्या बैठकीत बसून बरीच वर्षं झाली. त्यातून हाती लागलेलं थोडं.

१. आयतीचा आतला, बातिनी अर्थ कुणी सांगू लागला, की आधी विचारावं: बाहेरच्या अर्थाचं काय केलंत? सूरा ताहामध्ये पवित्र दरीत हजरत मूसांना जोडे काढायचा हुकूम होतो. इमाम गझाली (मृत्यू ११११) ‘मिश्कातुल अन्वार’मध्ये म्हणतात, मूसांनी पायातले जोडे काढले आणि मनातून दोन्ही जगांची आसही काढली. जोडे म्हणजे नुसती आस म्हणणारा आणि जोडे म्हणजे नुसतं चामडं म्हणणारा, गझालींच्या लेखी दोघंही अर्धेच.

२. या दोन अर्थांना कपाशीच्या बोंडाची उपमा देऊ नये. आमच्या जिल्ह्यात तो मोह फार. पण कापूस वेचला की टरफलं पऱ्हाटीवरच राहतात आणि पऱ्हाटी चुलीत जाते. जाहिर, म्हणजे बाहेरच्या अर्थाचं सरपण करायचं नसतं.

३. कुठे थांबायचं, यावरही भांडण होतं. सूरा आले-इम्रानच्या सातव्या आयतीत काही आयती स्पष्ट, काही गूढ असल्याचं सांगितलंय. गूढ आयतींचा अर्थ फक्त अल्लाह जाणतो, की ज्ञानात मुरलेली माणसंही? आपल्याकडच्या छापील कुरआनात तिथे अल्लाहच्या नावावर बारीकसा ‘मीम’ असतो: इथे थांबायलाच हवं. शिया आणि काही जुने सुन्नी मुफस्सिरही (भाष्यकारही) न थांबता पुढे वाचतात, म्हणजे जाणकारही त्यात आले. मकतबात त्या मीमवर दम न घेणाऱ्याला छडी बसायची. कारण विचारायची सोय नव्हती.

४. आतला अर्थ मानणारे नमाज-रोज्यात ढिले, हा आमच्या मोहल्ल्याचा लाडका समज. आतला अर्थ मानणारा माझा हार्डवेअरवाला बोहरा दोस्त दुपारी जोहरच्या नमाजाच्या वेळी शटर अर्धं ओढतो, तेव्हा तो समज मोडतो. त्यांच्या परंपरेतले काझी नोमान (मृत्यू ९७४) यांनी ‘दआइमुल इस्लाम’मध्ये नियम लिहिले आणि त्याच नियमांचा आतला अर्थ ‘तावीलुद दआइम’ या दुसऱ्या ग्रंथात. पहिला ग्रंथ त्यांनी रद्द केला नाही.

५. आतल्या अर्थाचं हे सगळं अरबीतच आहे, असं मराठी माणसाने समजू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५चा. त्यातली लढाई मनातली.

६. सूरा कहफमधली खिज्रची गोष्ट ऐकवणाऱ्यापासून जरा जपून. मूसांना सोबत घेऊन निघालेले खिज्र गरिबांची नाव फोडतात, एका पोराला मारतात, पडकी भिंत फुकट उभी करतात. मूसा दर वेळी हटकतात. “बातिन तुम्हाला कळणार नाही” म्हणत हीच गोष्ट पुढे करणारे बाबा मी पाहिलेत. खिज्रनी मात्र वेगळं होण्याआधी तिन्ही गोष्टींचा खुलासा केला. आमचे बाबा नाव फोडतात, खुलासा करत नाहीत, आणि भिंतीची मजुरी आगाऊ मागतात.