रोइंग मशीन : खटका कितीवर ठेवावा?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक बँक कर्मचारी कमरेला हात लावूनच माझ्या जळगावच्या दवाखान्यात आले. वय ४७. चार महिन्यांपूर्वी धुळ्याहून बदली झालेली. धुळ्याला असताना ते जिममधल्या रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हे मारण्याच्या यंत्रावर, नियमाने व्यायाम करीत. दोन हजार मीटरचे अंतर ते ९ मिनिटे ४० सेकंदांत काढीत आणि ते ९ मिनिटांवर आणायचे, असा त्यांनी ध्यास घेतलेला. जळगावच्या जिममध्येही त्याच कंपनीचे यंत्र, पण नवेकोरे. खटका त्यांनी नेहमीप्रमाणे १० वर ठेवला. ‘‘पण डॉक्टरसाहेब, वेळ कमी व्हायच्याऐवजी दहा मिनिटांच्या वर गेली आणि आठव्या दिवशी कंबर धरली. यंत्र खराब आहे, की मीच म्हातारा झालो?’’

तपासले. पायात बधिरपणा नव्हता, पायाच्या बोटांची ताकद शाबूत होती, लघवीची तक्रार नव्हती. स्नायूंना ताण बसला होता, मणक्याची गादी सरकल्याची लक्षणे दिसत नव्हती. दुसरी गोष्ट मात्र अवचित सापडली. त्यांचे ब्लडप्रेशर १६०/१०० भरले. वेदनेनेही प्रेशर वाढते, म्हणून दुखणे उतरल्यावर वेगवेगळ्या दिवशी तीनदा पाहिले, तरी ते १५०/९६ च्या खाली येईना. या गृहस्थांनी आयुष्यात कधी प्रेशर मोजून घेतले नव्हते आणि आठवड्यातून दोनदा जीव तोडून दोन हजार मीटरची परीक्षा देत होते. कमरेने त्यांना दवाखान्यात आणले, हे एका परीने बरेच झाले.

यंत्राचे कोडे मात्र माझ्या डोक्यात राहिले. म्हणून मी स्वतः त्या जिममध्ये जाऊन बसलो.

ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक लांब रूळ, त्यावर पुढेमागे सरकणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे आणि हातात साखळीला जोडलेली मूठ. मूठ ओढली की पुढच्या गोल जाळीतला पंखा फिरतो. या पंख्याला हवेचा जो अडथळा होतो, तोच आपला भार. जाळीच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो. त्याने आत किती हवा शिरू द्यायची, एवढेच ठरते. खटका १० वर म्हणजे झडप पूर्ण उघडी. हवा जास्त, पंखा जड. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या डिक आणि पीटर ड्रायसिगॅकर या भावांनी १९८१ साली असे यंत्र बाजारात आणले. त्यात पंख्याच्या जागी चक्क सायकलचे चाक होते. आज जगभर दिसणारे ‘कन्सेप्ट टू’ ते हेच.

आता गंमत अशी, की खटक्यावरचा आकडा म्हणजे तुमच्या ताकदीचे मोजमाप नव्हे. यंत्रातला छोटा संगणक दर ओढीनंतर, तुम्ही पुढे सरकत असता तेव्हा, पंखा किती झपाट्याने मंदावतो ते पाहतो. त्यावरून तो अडथळ्याचा एक आकडा काढतो. त्याला ‘ड्रॅग फॅक्टर’ म्हणतात. हा अडथळा हिशेबात धरूनच तो तुमची वेळ दाखवतो. म्हणजे जड पंखा ओढला म्हणून बक्षिसाचे गुण नाहीत आणि हलका ओढला म्हणून दंडही नाही. वेळ ठरते ती तुम्ही पंख्यात किती शक्ती घातली यावर.

हे मी त्यांना विहिरीच्या उदाहरणाने समजावले. तळाशी पाणी आहे आणि अर्ध्या तासात हौद भरायचा आहे. पोहरा केवढा घ्याल? भला मोठा घेतला तर पहिले दहा पोहरे शेजारपाजारचे बघत राहतील, पण बाराव्याला कंबर वाकेल. अगदी तांब्याएवढा घेतला तर हात भराभर चालतील, पण पाणी काही येणार नाही. हौद भरतो तो बेताच्या पोहऱ्याने, ज्याची ओढ शेवटपर्यंत तशीच राहते. खटका म्हणजे पोहऱ्याचे माप.

विहिरीचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. धुळ्याहून नाशिकला जाताना मालेगाव ओलांडले की चांदवड लागते. त्या तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला त्याने पहिल्यांदा वल्हे हातात धरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचा तो एकमेव खेळाडू होता. एकट्याच्या नावेत तो तेरावा आला. शेवटच्या शर्यतीत दोन हजार मीटरला त्याची वेळ होती ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. यंत्रावर परीक्षा दोन हजार मीटरचीच घेतात, त्याचे कारणही हेच, की ऑलिंपिकमधली शर्यत तेवढी असते. आणि असे कसलेले वल्हेकरी सराव करतात तो कोणत्या भारावर? बहुतेक ठिकाणी ड्रॅग फॅक्टर १०० ते १४० च्या दरम्यान ठेवतात. स्वच्छ यंत्रावर हे साधारण ३ ते ५ वर येते. दहावर खटका लावून बसतो तो आपला हौशी माणूस.

मग आमचे गृहस्थ धुळ्याला १० वर कसे काय निभावत होते? त्याचे उत्तर मला एका लग्नाच्या निमित्ताने धुळ्याला गेलो तेव्हा मिळाले. त्यांच्या जुन्या जिममध्ये जाऊन त्या यंत्रावर बसलो. खटका १० वर असताना पडद्यावर आकडा आला १३५. जळगावच्या नव्या यंत्रावर खटका ५ वर होता तेव्हा हाच आकडा आला होता आणि १० वर तो २०० च्या पुढे गेला होता. धुळ्याच्या यंत्राच्या जाळीवर बोटभर धूळ आणि कापसाचे तंतू बसले होते. रस्त्याला लागून दार, समोरून दिवसभर ट्रॅक्टर. हवा आत शिरायलाच जागा नव्हती, मग पंखा जड होणार कसा? बदली झाली, आकडा तोच राहिला आणि पोहरा मात्र दीडपट झाला. यंत्रही खराब नव्हते आणि माणूसही म्हातारा झाला नव्हता.

म्हणून नव्या यंत्रावर बसलात तर खटक्याकडे पाहू नका, पडद्यावर पाहा. मेन्यूत ‘मोअर ऑप्शन्स’ आणि त्यात ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ असे असते. ते निवडून चार-पाच ओढी मारल्या की आकडा दिसतो. नवख्या माणसाने, बायकांनी आणि पन्नाशीपुढच्यांनी ९५ ते ११५, सवय झालेल्या धडधाकट पुरुषांनी ११५ ते १३० इतका ठेवावा. हा माझा अंदाजी सल्ला आहे. पाच-दहाने इकडेतिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही. चुंबकाच्या यंत्रांना ८ किंवा १६ पायऱ्या असतात, त्यांचे गणित निराळे. एका कंपनीची पाचवी पायरी दुसरीच्या पाचवीशी जुळत नाही. घरगुती स्वस्त यंत्रांत तेलाच्या नळ्या असतात. तेल तापले की भार आपोआप कमी होतो. अशा यंत्रांवरची वेळ दुसऱ्या कोणाच्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आता वेळ कमी कशी करायची ते पाहू. आधी एक हिशेब. यंत्रावर वेग वाढवायचा तर शक्ती वेगाच्या घनाने वाढवावी लागते. ९ मिनिटे ४० सेकंदांना सुमारे ११५ वॅट लागतात, ९ मिनिटांना १४२. वेळ जेमतेम सात टक्क्यांनी कमी होते, शक्ती मात्र चोवीस टक्क्यांनी जास्त लागते. आठ मिनिटांना तर २०० च्या वर वॅट हवेत. ही शक्ती खटका वर सरकवून येत नाही. ती पायांतून आणि छातीतल्या दमातून येते.

पायांतून हे मुद्दाम म्हणतो. बहुतेक जण हातांनी ओढतात. केळीचा घड किंवा धान्याचे पोते उचलताना अनुभवी हमाल काय करतो? गुडघ्यात वाकतो, पाठ ताठ ठेवतो आणि पायांनी उठतो. इथेही तसेच. आधी पाय रेटा, ते सरळ होत आले की कमरेतून धड किंचित मागे न्या, सर्वांत शेवटी मूठ बरगड्यांपाशी आणा. परतताना उलट क्रम : हात, धड, मग गुडघे. ओढीला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ परतायला द्या. पुढे येताना नडगी उभी झाली की थांबा. पोट सुटलेल्यांनी त्याआधीच थांबावे. नाहीतर कंबर गोल होते आणि त्या अवस्थेत जड पंखा ओढला की आमच्याकडे यावे लागते. श्वास ओढताना सोडा. दम कोंडून ओढल्याने ब्लडप्रेशर एकदम चढते.

आठवड्यातून चार दिवस पुरेत. त्यांपैकी तीन दिवस वीस मिनिटांपासून सुरू करून हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत, मिनिटाला १८ ते २२ ओढी, शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता येईल अशा बेताने. हे लोकांना कंटाळवाणे वाटते, पण दम याच दिवसांत तयार होतो. चौथ्या दिवशी ५०० मीटरच्या चार फेऱ्या जोराने, मध्ये तीन मिनिटे विसावा. दोन हजारांची परीक्षा महिना-दीड महिन्यातून एकदाच. तीतही पहिले ५०० मीटर हात आखडता घेऊन काढावे. आमचे गृहस्थ पहिले ५०० मीटर २ मिनिटे ५ सेकंदांत काढीत आणि बाराशे मीटरला त्यांचे तोंड कोरडे पडे. ९ मिनिटे ४० सेकंदांसाठी प्रत्येक पाचशेला २ मिनिटे २५ सेकंद लागतात. तोच वेग धरून निघाले असते तर शेवटी थोडे उरलेही असते.

मे महिन्यात परीक्षा घेऊच नका. जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याच्या छपराखाली रक्त कातडी थंड करायला धावते, स्नायूंना कमी पडते आणि नाडी उगाच चढते. सकाळी सहा-सातला हलका सराव करावा, पाणी जवळ ठेवावे. ताप असताना किंवा तापातून उठल्यावर लगेच यंत्रावर बसू नये.

चाळिशी उलटलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला आहे त्यांनी जोराची परीक्षा देण्याआधी प्रेशर, साखर तपासून घ्यावी आणि कार्डिओग्रामबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे सगळे चांगले, असे मात्र नाही. छातीत आवळल्यासारखे होणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर मूठ सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊन पडू नका. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामात उतरू शकते. त्यांनी उपाशीपोटी बसू नये आणि खिशात साखर ठेवावी. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, तेव्हा नाडीच्या तक्त्यांवर न जाता बोलता येते की नाही यावर जोर ठरवावा.

कमरेचे सांगायचे राहिले. दुखल्यावर आठ-आठ दिवस गादीवर पडून राहण्याची जुनी पद्धत आता मागे पडली. एक-दोन दिवस आराम करावा, मग सोसवेल तेवढे चालावे. पाय बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पाठदुखीबरोबर ताप येणे, यांत मात्र एक दिवसही थांबू नये.

आमच्या गृहस्थांना प्रेशरची एक गोळी सुरू केली आणि जेवणातले लोणचे-पापड बंद केले. त्यावर ते माझ्यावर जास्त रागावले. तीन आठवडे फक्त चालणे, मग खटका ३ वर ठेवून हलका सराव. पावसाळा लागला, प्रेशर १२८/८२ वर स्थिरावले, तेव्हा मी परीक्षेला परवानगी दिली. ड्रॅग १२० ठेवून त्यांनी ९ मिनिटे २६ सेकंदांत अंतर काढले. नऊ मिनिटे अजून दूर आहेत. मध्यंतरी ते धुळ्याला गेले होते, तेव्हा मालकाची परवानगी काढून त्या जुन्या यंत्राची जाळी उघडली आणि ब्रशने साफ केली. आतून ओंजळभर कापूस निघाला. आता तिथे येणाऱ्या पोरांना खटका निम्म्यावर आणा म्हणून कोणी सांगितले आहे की नाही, हे मी त्यांना विचारले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिथेच बसून जिमच्या मालकाला फोन केला.