गच्ची नको, लिफ्ट बघ

मनू, तू पाठवलेला पॉझितानोच्या व्हिलाचा फोटो बघितला. गच्ची, बोगनवेल, खाली निळाशार समुद्र. ग्रुपवर सगळ्यांनी बदाम टाकलेत, तुझ्या सासूबाईंनी तर हात जोडलेत. म्हणून तिथे काही बोलले नाही, तुला एकटीलाच लिहितेय. त्या जाहिरातीत रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या आहेत ते कुठे लिहिलंय का बघ. नसेल लिहिलं, तर मालकाला विचार आणि आकडा लेखी घे. पॉझितानोत दीडदोनशे पायऱ्या म्हणजे काही विशेष नाही, तिथले लोक त्याला जवळच म्हणतात.

त्या किनाऱ्याची ठेवणच तशी आहे गं. लात्तारीचे डोंगर थेट समुद्रात उतरलेत आणि गावं त्या उतारावर एकाच्या डोक्यावर एक अशी बसलीयेत. 19व्या शतकात कडा कोरून काढलेला एकच रस्ता, तोही जाऊन-येऊन जेमतेम दोन गाड्यांचा. 1997 साली युनेस्कोनं सगळा अमाल्फी किनारा जागतिक वारशात घेतला, तेव्हा रस्ता कुणी रुंद करील ही आशाही सोड. पॉझितानोत गाडी वरच्या रस्त्यापर्यंत येते, पुढे आपले पाय. सामान वाहायला हमाल मिळतात, आईला वाहायला मिळत नाहीत. तिचा उजवा गुडघा कसा आहे ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ती तुझ्या सासूबाईंसमोर तो दुखतो असं मेली तरी म्हणणार नाही.

तेव्हा आधी घर आणि मग प्रवास, हा क्रम उलटा कर. अकरा माणसं रोज सकाळी कुठून आणि कशानं निघणार ते ठरव, घर त्याच्याजवळ शोध.

माझं ऐकशील तर सालेर्नोला राहा. नाक मुरडू नकोस. फोटोत ते मिरवत नाही, बंदराचं शहर आहे, क्रेनसुद्धा दिसतील. पण समुद्राकाठचा फिरायचा रस्ता लांबलचक, सपाट, पामच्या झाडांच्या सावलीचा. बाबा आणि तुझे सासरे तिथे सकाळ-संध्याकाळ चालतील, आणि कोणी त्यांच्यासोबत जायची गरज पडणार नाही. रोमहून वेगाची गाडी साधारण दोन तासांत सालेर्नोला येते. स्टेशनातून बाहेर पडून काही मिनिटं चाललं की पियात्सा देल्ला कॉन्कॉर्दियाचा धक्का. तिथून बोट अमाल्फीला पस्तीसेक मिनिटांत आणि पॉझितानोला सव्वा तासाच्या आत पोचवते. वाटेत चेतारा, मायोरी, मिनोरी लागतात. तो किनारा बघायचा तर समुद्रातूनच, रस्त्यावरून जाताना निम्मा वेळ समोरच्या बसचं ढुंगणच दिसतं. या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, म्हणजे पोरांच्या मेच्या सुट्टीत मिळतील. फक्त 2 जून मध्ये येऊ देऊ नकोस. तो त्यांचा प्रजासत्ताक दिन, त्या सुट्टीला अख्खं नेपल्स समुद्रावर येतं.

सालेर्नो अगदीच नको झालं तर मायोरी. 1954च्या पुरानं ते गाव पार धुऊन निघालं आणि समुद्राकडचा भाग नंतर नव्यानं उभा राहिला. त्यामुळे दिसायला साधं, पण सपाट, लिफ्टच्या इमारती सापडतात, आणि अमाल्फी किनाऱ्यावरची सगळ्यांत लांब पुळण तिथे आहे. पोरांना ते जास्त आवडेल. मात्र तिथे रेल्वे नाही, समुद्र खवळला की त्या एका रस्त्यावर अडकाल.

आता घर. अकरा जणांचा एक मोठा व्हिला शोधायच्या नादी लागू नकोस, एकाच इमारतीतले दोन फ्लॅट घे. स्वस्त पडतात हे एक कारण. खरं कारण तुलाही कळतंय. आपले आईबाबा आणि तुझे सासू-सासरे, दोन्ही जोड्या गोड आहेत, पण सकाळी सहाला एकाच ओट्यापाशी दोन विहिणी चहा करायला उभ्या राहिल्या की तू आठवडाभर मध्यस्थी करत बसशील. मध्ये एक जिना असू दे.

जाहिरातीत ‘अकरा जणांची सोय’ असं असतं त्यात हॉलमधला सोफा-कम-बेडही धरलेला असतो, कधीकधी दोन. खाटा मोज, दारं असलेल्या खोल्या मोज, आणि बाथरूम दोन्ही घरांत मिळून किमान चार. इटलीत एक सुख आहे, 1975च्या सरकारी नियमानुसार घराच्या किमान एका बाथरूममध्ये बिदे, म्हणजे धुवायची सोय, असावंच लागतं. मागच्या खेपेला पॅरिसला बाबांनी जी कुरकुर केली ती इथे ऐकू येणार नाही. दुसरं, विजेचं विचार. इथल्या बहुतेक घरांचं कनेक्शन तीन किलोवॅटचं असतं. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि एसी एकदम लावला की घर अंधारात, आणि मीटर बऱ्याचदा खाली तळमजल्यावरच्या कपाटात. ते कपाट कुठे आहे ते पहिल्याच दिवशी तुझ्या समीरला बघून ठेवायला सांग. शेगडी गॅसची की इंडक्शनची, तेही विचार. सासूबाई त्यांचा ॲल्युमिनियमचा कुकर आणणार हे मी आत्ताच लिहून देते, आणि इंडक्शनवर तो ढिम्म गरम होणार नाही. स्टीलचा आणा म्हणावं.

खोटी घरं भाड्यानं देणारे पुष्कळ आहेत. 2025च्या सुरुवातीपासून इटलीत असं भाड्यानं दिलेल्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, त्याला चिन (CIN) म्हणतात, आणि तो जाहिरातीत द्यावाच लागतो. तो दिसला नाही तर पुढे जा, दुसरं घर बघ. मालकानं ‘साइट सोडून सरळ माझ्या खात्यात पाठवा, दहा टक्के कमी घेतो’ म्हटलं तरीही तेच. सरळ करार करून मालक ‘कापारा कॉन्फिर्मातोरिया’ मागत असेल, तर तो तिथल्या कायद्यातला बयाणा असतो: तुम्ही मोडलं तर बुडाला, त्यानं मोडलं तर दुप्पट परत द्यावा लागतो. पण तुम्हाला व्हिसा मिळायचा आहे, त्यामुळे त्या फंदात पडूच नकोस. उशिरापर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घे, चार पैसे जास्त गेले तरी. आणि पावतीवर अकराच्या अकरा नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. एकट्या तुझ्या नावावर घर असलं तर बाकीच्यांच्या व्हिसाच्या अर्जांना राहण्याचा पुरावा काय जोडणार? अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या तोंडावर अपॉइंटमेंटची मारामार असते, तेव्हा फेब्रुवारीतच उरकून टाका. मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या पोरांना 45, आणि विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

घरी पोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. घाबरू नका, पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक आहे. माणशी, दर रात्रीचा एक नगरपालिकेचा करही निघेल, तो भाड्यात क्वचितच धरलेला असतो आणि बऱ्याचदा रोखीत घेतात. शेवटच्या सफाईचे पैसे वेगळे आहेत का ते मात्र आधीच बघ. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करायचा आणि कुठल्या वारी कुठला बाहेर ठेवायचा याचा तक्ता भिंतीवर असेल. ते काम तुझ्या सासऱ्यांना दे. मनापासून करतील.

गाडीचं सांगते, आणि हे जरा जपून हाताळ. तुझ्या धाकट्या दिरांनी ग्रुपवर लिहिलंय, ‘नऊ सीटर घेऊ, मी चालवतो.’ उत्साह चांगला आहे. पण तुम्ही अकरा आहात, ही पहिली गोष्ट. नऊची गाडी म्हणजे ड्रायव्हर धरून नऊ, आणि नऊ माणसं बसली की मागे बॅगा मावत नाहीत. म्हणजे दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोघांचेही आरटीओतून काढलेले आंतरराष्ट्रीय परवाने, दोघांच्या स्वतःच्या नावावरची क्रेडिट कार्डं. दीड मीटरपेक्षा बुटक्या पोरांना वेगळ्या सीट. वर उजव्या बाजूनं चालवायचं, त्या रस्त्यावर, जिथे वळणावर बस आली की आरसे मिटून मागे जावं लागतं. गर्दीच्या दिवसांत तिथे सम-विषम नंबरांचा नियमही लावतात. जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात, कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र पुण्यात येऊन पडतं, काही महिन्यांनी, सगळे सहल विसरल्यावर. आणि हे सगळं करून अमाल्फीत पोचलात तर गाडी लावायला जागा नाही.

त्यांना हे असं सांगू नकोस, त्यांना वाटेल आपल्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही. समीरकरवी सांग, की मग तुला एक थेंब वाइनसुद्धा घेता येणार नाही. विषय मिटेल.

गाडी लागतेच ती दोनदा: रोमहून रेल्वेनं न येता थेट नेपल्सच्या विमानतळावर उतरलात तर घरापर्यंत, आणि परतताना. त्यासाठी ड्रायव्हरसकट व्हॅन ठरव. साधी व्हॅन आठ जणांची असते, तुम्हाला मिनीबस किंवा दोन व्हॅन लागतील. ठरवताना माणसांबरोबर बॅगांचाही आकडा सांग, सासूबाईंची लाडू-चिवड्याची धरून. भाव पूर्ण फेरीचा, टोल-पार्किंगसकट, आधी लिहून घे.

रोजचं फिरणं बोट, रेल्वे आणि क्वचित बस. बसची तिकिटं आधी तंबाखूच्या दुकानातून काढायची, आणि अकरा जणांना एका बसमध्ये चढू देतील हे गृहीत धरायचं नाही. तुझ्या जावेला पसरणी घाटात दोनदा गाडी थांबवावी लागते, तिला अमाल्फीच्या बसमध्ये घालू नकोस, बोटीतही मागच्या बाजूला मोकळ्या हवेत बसव. राव्हेल्लोला जायचं तर अमाल्फीहून वर बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते, तेवढं सोसायला हवं. व्हिला रूफोलोची बाग बघण्यासारखी आहे, वाग्नर 1880 साली तिथे आला आणि त्याला आपल्या ‘पार्सिफाल’मधली जादूची बाग तिथे सापडली म्हणतात. बाबांना तो किस्सा सांगून ठेव, ते पुढे सगळ्यांना सांगतील.

पॉम्पेईला ऐनवेळी जाऊन रांगेत उभं राहायचे दिवस गेले. नोव्हेंबर 2024पासून दिवसाला 20,000च लोकांना सोडतात आणि तिकिटावर नाव लागतं. आधी काढ. आत उंचसखल दगडी रस्ते, सावली नाही. आईला आणि सासूबाईंना पूर्ण फिरवायच्या हट्टाला पेटू नका. सकाळी लवकर जा, दोन तासांत बाहेर या.

त्यांना खरं आवडेल ते पेस्तुम. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण सालेर्नोहून साध्या गाडीनं अर्धा-पाऊण तासावर तीन ग्रीक देवळं उभी आहेत, सपाट हिरवळीत, अडीच हजार वर्षांची. ग्रीकांनी वसवलेल्या या गावाचं तेव्हाचं नाव पोसेइदोनिया. गर्दी बेताची, बसायला भरपूर जागा, पोरांना पळायला मैदान. आजूबाजूला म्हशींचे गोठे आहेत आणि त्या दुधाचं मोझरेल्ला तिथेच ताजं मिळतं. तुझ्या सासऱ्यांचं बालपण म्हशींत गेलंय, त्यांना गोठ्यावर सोडलंत तर संध्याकाळपर्यंत परत यायचे नाहीत. समुद्र खवळून बोटी बंद झाल्या तर त्या दिवसासाठी हेच राखून ठेव.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नकोस. पिझ्झा, टोमॅटोचा पास्ता, सोरेंतोच्या धर्तीचे न्योक्की, वांग्याची पार्मिजाना, शाकाहाऱ्यांचं चालून जातं. फक्त चेताराला सासूबाईंना जपा. तिथला नावाजलेला पातळ मसाला ‘कोलातुरा’ मुरवलेल्या मांदेलीसारख्या मासळीचा असतो, आणि नुसत्या लसूण-तेलाच्या वाटणाऱ्या स्पगेटीतही तो घातलेला असतो.

पैशांचं मात्र तिकडे जायच्या आधी बोलून टाक, आणि तूच बोल. घरभाडं खोलीवर वाटा, तिकिटं माणशी, आणि जेवणखाणाला पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखे पैसे एका पाकिटात. पाकीट जावेकडे दे, ती चोख आहे आणि तिला मानही मिळेल. आईबाबांचं आपण दोघी वाटून घेऊ, पण बाबांना तसं कळू द्यायचं नाही. ते ऐकणार नाहीत, तेव्हा पॉम्पेईच्या गाइडचे पैसे त्यांना देऊ दे, थाटात देतील. सासऱ्यांनाही एखादं असंच काढून ठेव, नाहीतर व्याह्यांची बरोबरी साधायला ते सगळ्यांना लिमोन्चेल्लोच्या बाटल्या घेत सुटतील.

आणि एक, हे समीरलाही आत्ताच सांगू नकोस. आठवड्यातली एक रात्र तुम्ही दोघंच कुठेतरी जा. आत्रानी म्हण, मिनोरी म्हण, खोली मी बघते. पोरं आईकडे राहतील, तिच्याशी मी बोलते. ग्रुपवर काय सांगायचं ते आपण नंतर ठरवू.

आत्ता त्या व्हिलाचं बुकिंग मात्र दाबू नकोस. रविवारी दुपारी फोन कर, सासूबाई झोपल्या की. सालेर्नोच्या दोन-तीन इमारती काढून ठेवते, आणि मालकांना विचारायचे प्रश्न इटालियनमध्ये लिहून देते. पहिला लिफ्टचा.