आकडा मोजला कुणी?

बंदुकांच्या मासिकातलं परीक्षण मी शेवटाकडून वाचायला घेते. शेवटी बहुधा एक छोटा तक्ता असतो: गोळी कोणती, अंतर किती, बार किती, वेग कशाने मोजला. तो नीट भरलेला असेल तरच वरचा मजकूर वाचते. नसेल, तर मजकूर कितीही रंगतदार असो, रेंजवरच्या मुलांपर्यंत तो जाऊ देत नाही. नेमबाजी शिकवणाऱ्यांनी, आणि मुलांच्या रायफलसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांनी तर नक्कीच, ही सवय लावून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. एका घराचे पैसे असल्या परीक्षणापायी गेलेले मी पाहिले आहेत.

आठवीतली मुलगी, वडील ऊस पिकवणारे. क्लबच्या एअर रायफलवर तिचा हात बसत चालला होता आणि आता स्वतःची रायफल हवी, हा हट्ट रास्तच होता. वडील एका अमेरिकी मासिकातलं परीक्षण छापून घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, ह्यात स्पष्ट लिहिलंय बघा. सेकंदाला १,२०० फूट वेग, आणि तिन्ही गोळ्या एकाच भोकात. आपल्या क्लबची रायफल ह्याच्या निम्म्यानंसुद्धा पळत नाही." विक्रेत्याला त्यांनी आगाऊ रक्कम देऊनही टाकली होती. ती परत मिळाली नाही.

क्लबच्या रायफलबद्दल ते म्हणाले ते खरंच होतं. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल पेलेट सेकंदाला साधारण १७५ मीटर, म्हणजे ५७५ फुटांच्या आसपास सोडते. तिला त्याहून जास्त वेग नकोच असतो. ज्या लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आहे, तिथे प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच सुटणं महत्त्वाचं. १,२०० फूट म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर, आवाजाच्याही पुढे. तिथून वेग उतरताना पेलेट आवाजाच्या वेगाजवळ येते तेव्हा डळमळते. परीक्षणात यातलं काही नव्हतं. पुढे उत्पादकाचं माहितीपत्रक माझ्या हाती आलं, तर त्यात तीच वाक्यं त्याच क्रमाने होती. फरक एवढाच, की पत्रकात निदान बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हा वेग हलक्या मिश्रधातूच्या पेलेटने मिळाला. परीक्षणकर्त्याने नेमकं तेवढंच गाळलं होतं.

आपल्याकडे या गाळलेल्या ओळीला आणखी एक बाजू आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत विनापरवाना एअर रायफलला २० ज्यूल ऊर्जेची आणि ०.१७७ इंच कॅलिबरची मर्यादा आहे. शिशाची अर्ध्या ग्रॅमची पेलेट खरोखर ३६६ मीटरने सुटली, तर ऊर्जा ३३ ज्यूलच्या पुढे जाते. म्हणजे छापलेला आकडा साध्या पेलेटसाठी खरा मानला, तर ती रायफल घरात ठेवायला परवाना लागला असता.

आता 'तिन्ही गोळ्या एकाच भोकात'. हा दावा मला वेगाच्या दाव्याहून जास्त घातक वाटतो, कारण तो खोटा नसतो. तीन बारांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, लहान येणं फार सोपं आहे. एकाच रायफलने, एकाच हाताने दहा बारांचे ग्रुप काढले, तर ते तीन बारांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडे मोठेच येतात. रायफल तीच, फक्त तिला चुकायची संधी जास्त मिळाली. त्यातून सकाळभर तीन-तीन बार काढून त्यातला सर्वांत लहान ग्रुप छापला, की वाचकापुढे येतो तो योगायोग. 'अमेरिकन रायफलमन'ची रीत मला म्हणूनच आवडते: १०० यार्डांवर पाच-पाच बारांचे सलग पाच ग्रुप, आणि सगळ्यांची सरासरी. सलग म्हटलं की बिघडलेला ग्रुप गुपचूप बाजूला सारता येत नाही.

असं मोजून लिहिण्याची तिकडे मोठी परंपरा होती. ज्युलियन हॅचर हे अमेरिकी सैन्याच्या ऑर्डनन्स विभागातले अधिकारी, निवृत्तीनंतर 'अमेरिकन रायफलमन'चे तांत्रिक संपादक. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्प्रिंगफील्ड १९०३ रायफली फुटू लागल्या, त्याचा सगळा वृत्तांत त्यांनी १९४७ च्या 'हॅचर्स नोटबुक'मध्ये दिला. रिसीव्हर घडवताना पोलाद किती तापलं हे कारागीर रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. लख्ख उन्हात तो रंग फिका दिसे, म्हणून पोलाद गरजेपेक्षा जास्त तापे आणि ठिसूळ होई. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकांवर संशय का घ्यायचा, हे त्यांनी फुटलेल्या एकेका रायफलची नोंद देऊन मांडलं. तो मजकूर वाचून माणसांचे डोळे आणि हात वाचले असणार, याबद्दल मला शंका नाही.

बंदूक-कारागीर पी. ओ. ॲक्ली यांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जपानी अरिसाका रायफल म्हणजे भंगार, असं सर्रास बोललं जाई. ॲक्लींनी वेगवेगळ्या देशांच्या लष्करी रायफलींमध्ये दाब वाढवत नेला, त्या मोडेपर्यंत. अरिसाका टिकून राहिली. एका माणसाने खरोखर करून पाहिलं आणि गप्पा थांबल्या.

जुन्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. एल्मर कीथ यांनी .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने ६०० यार्डांवरचं हरीण मारल्याचं लिहिलं, त्यावरून आजही वाद होतो. कीथ जड गोळीचे, 'आउटडोअर लाइफ'चे जॅक ओ'कॉनर हलक्या आणि वेगवान .२७० चे. दोघांचं वर्षानुवर्षं वाजत राहिलं. पण दोघांनी लिहिलं ते स्वतः झाडलेल्या गोळ्यांवर, आणि दुसरा माणूस आपलं लिखाण फाडायला टपलेला आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. आज मासिकं चाळताना मला ती धास्तीच दिसत नाही. .४५ ची गोळी माणसाला मागे फेकते, हे वाक्य अजून छापून येतं. १५ ग्रॅमची गोळी, सेकंदाला २५० मीटर वेग, ७० किलोचा माणूस: शाळेतल्या संवेगाच्या नियमाने त्याला मिळणारा वेग सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरही भरत नाही. आपल्या ईशापूरच्या ७.६२ मिमी रायफलीबद्दल तर तिकडे कितीदा लिहिलं गेलं, की ही जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेली आवृत्ती. ती १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ च्याच काडतुसासाठी, अधिक चांगल्या पोलादात नव्याने घडवलेली रायफल आहे.

हे का झालं, याचं एक कारण उघड आहे. मासिक जाहिरातीवर जगतं आणि जाहिरात देतो तोच परीक्षणासाठी बंदूक पाठवतो. २०१३ मध्ये 'गन्स अँड ॲमो'चे जुने लेखक डिक मेटकाफ यांनी शस्त्राच्या हक्कालाही नियम असू शकतात, असं सदरात लिहिलं. वाचक खवळले आणि मेटकाफ यांचं काम गेलं. दोन मोठ्या बंदूक-उत्पादकांनी प्रकाशकावर दबाव आणल्याचं त्यांनी सांगितलं. वाद तांत्रिक नव्हता, त्यांच्या मताशी सहमत असण्याचीही गरज नाही. पण अनुभवी माणसाला असं घालवलेलं पाहिल्यावर, एखाद्या रायफलचा ट्रिगर भिकार आहे हे लिहायला नवा लेखक किती वेळा विचार करेल? पानं कमी झाली, मानधन आटलं, आणि पगारावर बसून दिवसभर बार काढणारा तांत्रिक संपादक परवडेनासा झाला. मग माहितीपत्रक हाताशी असतंच.

म्हणून पालकांना मी आता सांगते, परीक्षणात दोष शोधा. पन्नास बार काढलेल्या माणसाला एखादी तरी तक्रार असतेच: स्क्रू ढिला झाला, दुसऱ्या जातीची पेलेट पसरली, थंडीत वेग उतरला. एकही तक्रार नसेल तर रायफल खोक्यातून फारशी बाहेर आली नाही असं समजा. वेग दिला असेल तर पेलेटचं वजन बघा. वजन नसेल तर वेग विसरा. ग्रुप दिला असेल तर बार मोजा आणि सरासरी आहे की सर्वांत चांगला, हे शोधा. लेखक त्याच उत्पादकाच्या खर्चाने कारखाना बघून आला आहे का, हेही कधीकधी मजकुरातच सापडतं.

आणि पैसे देण्याआधी रायफल हातात घ्या. चांगल्या स्पर्धेच्या एअर रायफलसोबत कारखान्यातलं टेस्ट टार्गेट येतं. ते मागून घ्या, पण त्यावर थांबू नका, कारण ते रायफल पकडीत आवळून काढलेलं असतं. एकाच बॅचच्या पेलेटचे डबे घ्या, ४.४९ आणि ४.५० अशा दोन मापांचे, आणि दहा-दहा बारांचे ग्रुप काढा. क्लबमध्ये क्रोनोग्राफ असेल तर प्रत्येक बाराचा वेग लिहून ठेवा. नुसती सरासरी नको, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेगातला फरकही हवा. मुलीने ते सगळं स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावं, तारीख आणि हवामानासकट. त्या उसाच्या शेतकऱ्याच्या मुलीने पुढे जुनी रायफल घेतली ती याच पद्धतीने, तीन रायफली तपासून. त्यातली सर्वांत महाग होती ती तिने नाकारली.