पौलाला काम कसं मिळालं?

प्रश्न : मी पदवीधर आहे आणि बरेच महिने नोकरी शोधतो आहे. आमच्या मंडळीत सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतात, ‘प्रभू वेळेवर दार उघडेल’ असा धीर देतात. पण पौलासारखा प्रेषित तंबू शिवून पोट भरायचा, हे वाचून कुतूहल वाटतं. देवावर एवढा भरवसा असताना त्याला हे कष्ट का करावे लागले? आणि परक्या शहरात त्याला काम मिळायचं तरी कसं?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते तुमच्या लगेच उपयोगाचं आहे. इ. स. 50 च्या सुमारास पौल अथेन्सहून करिंथला आला तेव्हा त्याचे सोबती मागे राहिले होते. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटलं. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोम सोडायला लावलं होतं, त्यामुळे तेही नुकतेच तिथे आले होते. त्यांचाही धंदा तंबूंचाच. पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला लागला. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात हे सगळं दोन-तीन वाक्यांत येतं. काम मिळण्याचा तो मार्ग आजही तसाच आहे : आपला हुन्नर जाणणारा माणूस आधी गाठायचा.

आता ‘का’. मुलाला एखादा हुन्नर शिकवणं हे बापाचं कर्तव्य, अशी यहुदी परंपरा होती. त्यामुळे विद्वान माणसाने हाताने काम करण्यात त्या परंपरेत कमीपणा मानला जात नसे. शिवाय आपला भार मंडळीवर पडू नये, असं पौलाने थेस्सलनीकाकरांना स्पष्ट लिहिलं आहे. तरीही फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने आनंदाने घेतली. म्हणून नोकरी लागेपर्यंत घरच्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर त्याची लाज बाळगू नका. मिळेल ते छोटं कामही हलकं मानू नका.

दार उघडण्याबद्दल ‘प्रेषितांची कृत्ये’चाच सोळावा अध्याय वाचा. पौलाला आशिया प्रांतात जायचं होतं, तिथे मज्जाव झाला. बिथुनियाकडे वळला, तिथेही वाट बंद. मग त्रोवसला पोहोचल्यावर मासेदोनियाचं बोलावणं आलं. एका जागी बसून नव्हे, चालता चालता त्याला दिशा सापडली. तुम्हाला आलेले नकार या नजरेने पाहा. प्रार्थना जरूर करा, पण प्रार्थनेनंतरचा तास अर्जांना द्या.

मंडळीकडे आणखी एक मागणं मागा. ‘माझ्यासाठी नोकरी बघा’ असं मोघम सांगितलं की लोक ‘हो हो’ म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी ज्या क्षेत्रात जायचं आहे तिथे काम करणारं कोण आहे, ते पाळकांना किंवा फादरांना विचारा. त्या माणसाकडे नोकरी नको, वीस मिनिटं मागा. भरती कशी होते, कोणतं कौशल्य कमी पडतं, अर्ज कुठे निघतात, एवढं त्याच्याकडून समजून घ्या.

शिफारसपत्राचा नमुनाही पौलाकडेच आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात त्याने करिंथच्या किंख्रिया बंदरातल्या फिबीची ओळख करून दिली आहे. ती मंडळीची सेविका आहे आणि तिने अनेकांना, खुद्द पौलालाही, साहाय्य केलं आहे, असं तो नेमकं सांगतो. तुमच्या पत्रात ‘सुस्वभावी, नियमित येणारा’ एवढंच नसावं. तरुण संघाचा हिशेब ठेवला असेल, शब्बाथशाळेत मुलांना शिकवलं असेल, आरोग्य शिबिराची व्यवस्था पाहिली असेल, तर ते कामासकट लिहून घ्या. बायोडेटातही तो अनुभव म्हणून नोंदवा.

रविवारचा पेच तुम्हाला पडेलच, कारण बऱ्याच स्पर्धा परीक्षा रविवारी असतात. परीक्षा वर्षातून मोजक्या वेळा येते, ती द्या. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते; इतरांनी संध्याकाळच्या उपासनेची चौकशी करावी. रुग्णालय, पोलीस, रेल्वे इथे पाळी असतेच. नेमणूक ठरताना सुट्टीचं स्पष्ट विचारा आणि दिवाळी-ईदला सहकाऱ्यांची पाळी घेण्याची तयारी दाखवा.

अर्जात धर्म लपवू नका. राज्यघटनेच्या 16 व्या कलमानुसार सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येत नाही. मात्र 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. हा नियम आपल्या अनेक कुटुंबांवर अन्याय करतो असं मला मनापासून वाटतं आणि तो बदलावा म्हणून बोलत राहायला हवं. पण कागदावर हिंदू आणि घरी ख्रिस्ती असा दाखला जोडू नका. केवळ आरक्षणासाठी असा दावा करणं म्हणजे घटनेची फसवणूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. आपल्या समाजाला राज्याच्या याद्यांत कोणता दर्जा आहे, ते तहसील कार्यालयात तपासा आणि हक्काचं असेल ते निःसंकोच मागा. पौलानेही वेळ आली तेव्हा आपलं रोमी नागरिकत्व ठणकावून सांगितलं होतं.

एक धोक्याची सूचना. आखाती देशांतल्या नोकऱ्यांची आमिषं कधीकधी ओळखीतूनच, ‘आपलाच विश्वासू भाऊ’ म्हणून येतात. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. जास्त मागितलं किंवा पावती नाकारली, तर तो कितीही भक्तिभावाने बोलला तरी उठून या.

या रविवारी उपासनेनंतर लगेच घरी जाऊ नका. तुमच्या क्षेत्रातला एक माणूस शोधा, त्याच्याकडून भेटीची वेळ ठरवून घ्या. तुमचा अक्विल्ला कदाचित तुमच्या मागच्याच बाकावर बसत असेल.